गाडी गरम होते? आधी कधी गरम होते ते बघा



चाळीसगावकडून कन्नड घाट चढून संभाजीनगरच्या जाधववाडी मार्केटला माल नेणारे आपल्यात बरेच जण आहेत. मोठा ट्रक परवडत नाही, म्हणून घरच्याच बोलेरो, सुमो नाहीतर स्कॉर्पिओच्या मागच्या सीट काढून लिंबाच्या गोण्या भरतात. गाड्या दहा-बारा वर्षांच्या, त्यात उन्हाळा आणि चढ. गेल्या महिन्यात एका सभासदाची गाडी पहाटे घाटातच थांबली. लिलाव चुकला, माल दुपारच्या भावात द्यावा लागला आणि वर इंजिनचं हेड उघडावं लागलं. विचारल्यावर कळलं की काटा महिनाभर वर जात होता आणि हे रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतून निघत होते. म्हणून आज फवारणीचा सल्ला बाजूला ठेवून गाडीबद्दल लिहितोय.

पहिली गोष्ट. "गाडी गरम होते" एवढंच मेकॅनिकला सांगू नका. कधी गरम होते ते सांगा, कारण निम्मं निदान त्यातच असतं.

सिग्नलला, मार्केटच्या गेटवर रांगेत गरम होते आणि रस्त्याला लागली की काटा खाली येतो, तर बिघाड बहुतेक फॅनकडे आहे. गाडी पळते तेव्हा समोरून वारा लागतो, उभी असते तेव्हा सगळी भिस्त फॅनवर. जुन्या डिझेल गाड्यांत बऱ्याचदा बेल्टवर चालणारा व्हिस्कस फॅन असतो. त्याच्या मधल्या डबीत सिलिकॉन तेल असतं, ते गळून गेलं की फॅन नुसता नावाला फिरतो, हवा ओढत नाही. इंजिन बंद असताना, चावी खिशात ठेवून, फॅन हाताने फिरवून बघा. थोडा जड लागला पाहिजे. झटका दिल्यावर भिंगरीसारखा गरगरत राहिला, तर डबी गेली. इलेक्ट्रिक फॅन असेल तर आधी फ्यूज आणि रिले बघा. एक सावधगिरी: हा फॅन इंजिन बंद असतानाही अचानक चालू होऊ शकतो, बोटं लांब ठेवा.

याच्या उलट, उभी असताना ठीक आणि घाटात, लोड असताना गरम होते, तर रेडिएटर चोक आहे का ते बघा. आधी बाहेरून. जाळीत किडे, भुसा, कापसाचे तंतू आणि धूळ बसते, आणि एसीवाल्या गाडीत हा कचरा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मध्ये दडतो, समोरून दिसतच नाही. गाडी थंड असताना इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने साध्या नळीने पाणी मारा. फवारणीचा एचटीपी पंप लावू नका. त्या प्रेशरने बारीक पत्र्या वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

बाहेरून स्वच्छ असेल तर आतून. इथे आपल्या बोअरचं पाणी येतं. ठिबकच्या ड्रिपरमध्ये क्षार बसून धार कशी बंद होते हे तुम्हाला सांगायला नको. रेडिएटरच्या नळ्यांत तेच होतं, उलट तिथे पाणी तापतं म्हणून लवकर होतं. शिवाय साध्या पाण्याने आतून गंज धरतो. रेडिएटरमध्ये कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला, म्हणजे बॅटरीत घालतो तेच पाणी. प्रमाण साधारण निम्मं-निम्मं. बाटलीवर रेडीमिक्स लिहिलं असेल तर त्यात पाणी मिसळायचं नाही. कुलंट जास्त घातलं तर गाडी जास्त थंड राहते असं नाही, उष्णता वाहून न्यायला पाणीही लागतं. रंग बघून कुलंट घेऊ नका, गाडीच्या पुस्तकात कोणतं सांगितलंय ते बघा. आणि ठिबक साफ करायचं ॲसिड रेडिएटरमध्ये अजिबात घालू नका. ॲल्युमिनियम खाऊन टाकतं.

गाडी चालू केल्यापासून दहा-पंधरा मिनिटांतच काटा वर जातो आणि रेडिएटरचा वरचा पाइप मात्र गारच लागतो, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे. हा झडपेसारखा भाग साधारण 80 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. आपल्याकडे बरेच मेकॅनिक तो काढूनच टाकतात. "दादा, आपल्याकडे एवढं ऊन, याची गरजच काय?" असं म्हणतात. मला हे पटत नाही. तो काढला की इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो, डिझेल जास्त जातं, झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटशिवाय बरंचसं पाणी रेडिएटर चुकवून आतल्या आतच फिरतं आणि गाडी जास्तच गरम होते. नवीन बसवा. जुना अडकलाय का ते घरी बघता येतं: दोऱ्याला बांधून उकळत्या पाण्याच्या पातेल्यात सोडा, उघडायला हवा.

आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग, रेडिएटरची कॅप. ती नुसतं झाकण नाही. आत दाब धरून ठेवते, म्हणून पाणी 100 अंशांना उकळत नाही. कॅपने साधारण 1 बार दाब धरला तर साधं पाणीसुद्धा 120 अंशांच्या आसपास उकळतं. कॅपचं रबर चिरलं की हा फायदा गेला, आणि घाटात पाणी उकळून बाटलीतून बाहेर पडतं. दोन खुणा लक्षात ठेवा. बाटली भरलेली आणि रेडिएटर मात्र सकाळी कमी दिसतो, म्हणजे कुलंट परत ओढलं जात नाही. किंवा गाडी गार झाल्यावर वरचा पाइप चपटा होतो. दोन्हीत आधी कॅप बदला, तेवढ्याच दाबाची. हेड उघडण्याच्या खर्चापुढे कॅपची किंमत काहीच नाही.

पाणी कमी होतंय पण गळती दिसत नाही? वॉटर पंपाखाली, ज्याला आपले मेकॅनिक वॉटर बॉडी म्हणतात, एक बारीक भोक असतं. तिथे ओघळ किंवा पांढरट डाग दिसला तर पंपाचं सील गेलं. डाव्या सीटसमोरचं मॅटिंग ओलं आणि केबिनमध्ये गोडसर वास, तर हीटरचा कोर गळतोय. हेही नसेल तर गाडी पूर्ण गार असताना कॅप काढून इंजिन चालू करा आणि थोडं लांब उभं राहून बघा. बुडबुडे सारखे येतच राहिले, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत राहिला किंवा ऑइल ताकासारखं झालं, तर हेड गॅस्केटकडे संशय जातो. अशी गाडी मालाला नेऊ नका, मेकॅनिककडे न्या.

घाटात काटा वर जायला लागला तर काय करायचं, हे घरात जो कोणी गाडी चालवतो त्या प्रत्येकाला सांगून ठेवा. एसी बंद. हीटर फुल गरम आणि ब्लोअर मोठा. त्रास होतो, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच आहे. वरच्या गियरमध्ये ओढत राहू नका, खालचा गियर टाका, म्हणजे पंप आणि फॅन जोरात फिरतील. तरी काटा उतरला नाही तर सुरक्षित जागा बघून थांबा. बेल्ट तुटला असेल किंवा पाणी सांडलं असेल तर इंजिन लगेच बंद. आणि वर गेलेला काटा अचानक शून्यावर आला तर आनंद मानू नका. पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलतो. त्या सभासदाचं हेड याच फसवणुकीत गेलं: "काटा उतरला" म्हणून त्यांनी उरलेला घाट चढवला.

गरम कॅप उघडायची नाही. ओलं पोतं टाकूनही नाही. किमान अर्धा-पाऊण तास थांबा, पाइप दाबून बघा, मऊ आणि हाताला सोसेल इतका गार लागला तरच उघडा. हात आणि तोंड भाजलेली माणसं आपण पाहिली आहेत. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. रस्त्यात साधं पाणी घालावं लागलं तर घाला, नाइलाज असतो, पण घरी आल्यावर ते काढून फ्लश करा. हळद टाकून गळती थांबवण्याची युक्तीही तशीच: घरापर्यंत आणते, पण तो गाळ नंतर नळ्यांत बसतो.

नवीन कुलंट भरताना आतली हवा काढा. गाडीचं तोंड थोडं चढाकडे ठेवा, हीटर गरमवर, कॅप उघडी, इंजिन आयडलला. बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरत राहा, मग कॅप लावा.

आणि जुनं कुलंट गोठ्याजवळ ओतू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री आणि जनावरं चाटतात आणि दगावतात. कॅनमध्ये भरून झाकण लावा, लेकरांच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि गॅरेजवाल्याला द्या.

या आठवड्यात माल घेऊन निघण्याआधी, सकाळी गाडी गार असताना, कॅपचं रबर, पाइप, बेल्ट आणि पाण्याची पातळी एवढं बघून घ्या. काही वेगळं दिसलं तर फोटो काढून, आणि गाडी कधी गरम होते ते व्हॉइस मेसेजमध्ये सांगून, याच नंबरवर पाठवा.