सिक्युरिटी क्लिअरन्स: कर्जाचा खर्च किती, लपवण्याचा किती?

अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या किंवा तिथेच जन्मलेल्या मराठी इंजिनिअरला संरक्षण खात्याच्या कंत्राटी कंपनीकडून नोकरीचे पत्र येते, तेव्हा त्यात बऱ्याचदा एक अट असते: सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याची सरकारी परवानगी. मग ओळखीपाळखीतून सल्ले सुरू होतात. ‘क्रेडिट कार्ड थकलंय ना, मग विसरा,’ असे एक जण सांगतो. ‘भारतातलं खातं कशाला लिहायचं, त्यांना कुठे कळतंय,’ असे दुसरा. पहिल्याचे म्हणणे अर्धवट आहे. दुसऱ्याचे ऐकाल तर नोकरी जाईल.

अर्जाची फी: शून्य

क्लिअरन्ससाठी आपणहून अर्ज करता येत नाही. कंपनीने किंवा सरकारी खात्याने तुमचे नाव पुढे करावे लागते. संरक्षण खात्यापुरती चौकशी डीसीएसए ही यंत्रणा करते आणि तिचा खर्च अर्जदाराकडून घेतला जात नाही. त्यामुळे ‘पैसे भरा, क्लिअरन्स काढून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. नियमित क्लिअरन्स फक्त अमेरिकी नागरिकांना मिळतो; ग्रीन कार्ड पुरत नाही.

कर्जाशी सरकारचा काय संबंध?

सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स याने १९८५ मध्ये सोव्हिएत दूतावासाला गुपिते विकायला सुरुवात केली, तेव्हा तो घटस्फोट आणि कर्ज यांत अडकलेला होता. १९९४ मध्ये तो पकडला गेला आणि त्याला जन्मठेप झाली. पैशाने अडलेला माणूस विकत घेता येतो, ही भीती अशा प्रकरणांतून आली आहे.

२०१७ पासून सर्व खात्यांना लागू असलेल्या नियमावलीत १३ निकष आहेत. त्यांतला ‘एफ’ आर्थिक वागणुकीचा आणि ‘ई’ वैयक्तिक वर्तनाचा, म्हणजे प्रामाणिकपणाचा. घराचे किंवा गाडीचे हप्ते वेळेवर जात असतील तर कर्ज असणे हा दोष धरला जात नाही. थकबाकी, न भरलेला कर, जुगार आणि मिळकतीशी न जुळणारा खर्च, यांवर बोट ठेवले जाते.

क्लिअरन्ससाठी भरायच्या एसएफ-८६ या फॉर्ममध्ये गेल्या ७ वर्षांतील आर्थिक इतिहास विचारतात: १२० दिवसांहून जास्त थकलेली देणी, वसुली एजन्सीकडे गेलेली बिले, पगारातून झालेली जप्ती, दिवाळखोरी, न भरलेली करविवरणे. देणे आज फिटलेले असले, तरी त्या काळात थकले होते का, हा प्रश्न उरतोच.

निस्तरायला किती लागतात?

फॉर्म हाती येण्याआधीच ही कामे उरका.

• क्रेडिट रिपोर्ट: ‘ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट’ या अधिकृत संकेतस्थळावर क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांचे अहवाल दर आठवड्याला फुकट मिळतात. चुकीची नोंद असेल तर लेखी हरकत घ्या. त्यालाही पैसे लागत नाहीत.

• राहिलेला कर: विवरण भरले नाही तर थकलेल्या करावर दरमहा ५ टक्के दंड चढतो, २५ टक्क्यांपर्यंत. विवरण भरून कर थकवला तर दरमहा अर्धा टक्का. म्हणून पैसे नसले तरी विवरण आधी भरा. १८० दिवसांत फेडणार असाल तर आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकी कर खात्याच्या, मुदतवाढीला फी नाही. लांबच्या हप्त्यांसाठी ऑनलाइन अर्ज करून पैसे थेट खात्यातून वळते केले तर जुलै २०२४ च्या दराने २२ डॉलर लागतात. तोच करार फोनवरून केला तर १०७. व्याज वेगळे.

• तडजोड: ८,००० डॉलरचे देणे ४,८०० वर मिटले, तर माफ झालेले ३,२०० डॉलर सहसा उत्पन्न धरले जातात. २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर त्यावर ७०४ डॉलर कर. ‘कर्ज मिटवून देतो’ म्हणून फोन करणाऱ्या कंपनीला काम होण्याआधी फी घेण्यास मनाई आहे.

• दिवाळखोरी: चॅप्टर ७ ची न्यायालयीन फी ३३८ डॉलर, चॅप्टर १३ ची ३१३, वकील वेगळा. दिवाळखोरीने क्लिअरन्स आपोआप बुडत नाही. ती का आली आणि त्यानंतर तुम्ही कसे वागलात, हे बघतात.

नोकरी गेली, आजारपण आले, घटस्फोट झाला, अशी कारणे नियमावलीतच मान्य आहेत. मात्र त्या काळातही सावकारांशी बोलत राहिलात, जमेल तसे भरत राहिलात, हे कागदावर दिसले पाहिजे. पावत्या, ईमेल, हप्त्यांचे करार एका फाइलमध्ये ठेवा. सात वर्षांनी नोंद रिपोर्टवरून गळून पडली म्हणजे देणे फेडले, असे समजत नाहीत.

भारतातला पैसा

मराठी अर्जदार हमखास अडखळतो तो इथे. भारतातली खाती, वडिलांसोबतचे संयुक्त खाते, नावावर आलेला पुण्यातला फ्लॅट किंवा गावची जमीन यांची माहिती याच फॉर्ममध्ये द्यावी लागते. आईवडिलांना दरमहा पैसे पाठवत असाल तर तेही परदेशी नागरिकाला केलेले साहाय्य म्हणून लिहायचे. यात गैर काही नाही. न लिहिणे गैर.

परदेशातल्या सर्व खात्यांची मिळून रक्कम वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार हे विवरण भरणे बंधनकारक आहे. त्याला फी नाही, पण न भरल्याचा दंड हजारो डॉलरचा असतो. मागची वर्षे राहिली असतील तर या विषयातल्या सीपीएला आधी भेटा, मग फॉर्मला हात लावा.

लपवण्याचा खर्च

फॉर्मवर जाणूनबुजून खोटे लिहिणे हा संघराज्याचा गुन्हा आहे. ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खटला क्वचित होईल, पण ‘ई’ निकष लागू झाला की क्लिअरन्स अडतो. ३,००० डॉलरची थकबाकी वर्षभरात फेडून दाखवता येते. ती लपवली, हे मात्र कुठल्याही पावतीने पुसता येत नाही. विसरलेले काही आठवले तर तपासनिसाने विचारण्याआधी स्वतःहून सांगा. त्या दुरुस्तीला नियमावलीत सवलत आहे. पकडल्यावर दिलेल्या कबुलीला तेवढे वजन नसते.

नोटीस आली तर

कंत्राटी कर्मचाऱ्याला आक्षेपांचे पत्र मिळाल्यापासून लेखी उत्तराला २० दिवस असतात. सुनावणी मागता येते. सरकार वकील देत नाही. तो स्वतःच्या खर्चाने करावा लागतो. काम घेण्याआधी ठरावीक फी किती आणि त्यात सुनावणी धरली आहे का, हे लेखी घ्या. निकाल विरुद्ध गेला तर साधारण वर्षभर पुन्हा अर्ज करता येत नाही, आणि क्लिअरन्सवर अवलंबून असलेली नोकरी तोवर थांबत नाही.

मिळाल्यावरही सुटका नाही. आता तपासणी सतत चालू असते आणि क्रेडिटमधली नवी थकबाकी यंत्रणेला आपोआप दिसते. १२० दिवसांपुढे थकलेले देणे किंवा दिवाळखोरी सुरक्षा अधिकाऱ्याला स्वतः कळवायची. नागपूरच्या लग्नाला जायचे असेल तर प्रवासही आधी कळवायचा.

फॉर्म भरायला बसण्यापूर्वी तीन कागद समोर ठेवा: क्रेडिट रिपोर्ट, आयआरएसची नोंद आणि भारतातल्या खात्यांची यादी. तिन्ही फुकट मिळतात. त्यांत जे दिसते ते सगळे लिहा, आणि एखादी नोंद सांगावी की नाही अशी शंका आली तर ती सांगाच.