दाराआडचे मूल



शेजारच्या घरातील आई हॉस्पिटलात गेली की आपण डबा घेऊन जातो, समूहात तिच्यासाठी प्रार्थना करतो. पण आजार मनाचा असला तर? मग आपला आवाज खाली येतो, त्यांचे दार बंद होते. आणि त्या दाराआड एखादे मूल आहे, याचा आपल्याला विसर पडतो. आज आपण अशाच एका मुलाची ओळख करून घेऊ.

पडद्यामागचा चार्ली

चार्ली चॅप्लिनला पडद्यावर पाहून आपण पोट धरून हसलो आहोत. त्याचा जन्म १८८९ सालचा, इंग्लंडमधला. वडील गायक, पण दारूच्या आहारी गेलेले. ते वेगळे राहत. आई हॅना रंगमंचावर गात असे. तिचा आवाज गेला, तसे कामही गेले. मग शिवणकाम करून ती चार्ली व त्याचा थोरला भाऊ सिडनी यांना वाढवू लागली. तेही पुरेना, तेव्हा १८९६ साली तिघांना लंडनमधील निराधारांच्या सरकारी आश्रयगृहात जावे लागले. तेथे आई एका विभागात, मुले दुसऱ्या विभागात. सात वर्षांच्या चार्लीची पुढे हॅनवेल येथील गरीब मुलांच्या निवासी शाळेत रवानगी झाली. १८९८ साली आईला मनोरुग्णालयात ठेवावे लागले. १९०१ साली वडील वारले.

मे १९०३ मध्ये चार्ली चौदा वर्षांचा होता. सिडनी बोटीवर कामाला गेला होता. एके दिवशी चार्ली घरी परतला, तेव्हा दारापाशी जमलेल्या मुलांनी त्याला सांगितले की तुझ्या आईला वेड लागले आहे. ती घरोघरी जाऊन, मुलांना वाढदिवसाची भेट म्हणून कोळशाचे तुकडे वाटत होती. उपासमारीने अडखळणाऱ्या आईला धरून तो दवाखान्यापर्यंत चालत गेला. आता तू कुठे राहणार, असे तेथे विचारले, तेव्हा त्याने एका नातलग बाईचे नाव पुढे केले आणि रिकाम्या खोलीवर एकटाच परतला. खरे सांगितले तर पुन्हा त्या शाळेत टाकतील, ही भीती! सिडनी येईपर्यंत तो लोकांना टाळत राहिला. जवळपास लाकडे फोडणारे काही मजूर होते. तो त्यांना मदत करी आणि ते आपल्यातले त्याला खाऊ घालीत.

एक कप चहा

पुढे मुले भेटायला गेली, तेव्हा आई म्हणाली की त्या दुपारी तू मला कपभर चहा दिला असतास तर मी बरी राहिले असते. बिचारीच्या मनात दोष देण्याचा हेतू नसेल. पण मुलाने ते शब्द जपून ठेवले. १९६४ साली, पंचाहत्तरीत प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात ते आहेत.

बंधू-भगिनींनो, येथे आपल्यासाठी धडा आहे. असे मूल घरची गोष्ट सांगत नाही, लपवते. आईबाबांचे आईबाबा होते. आणि आपल्याच हातून काहीतरी चुकले, असे मनाशी धरून बसते. धर्मशिक्षणाच्या वर्गाला अधूनमधून दांडी मारणारे, सहलीचे पैसे मागितले की ‘मला यायचेच नाही’ म्हणणारे, लहान भावंडाला सतत कडेवर घेऊन फिरणारे मूल आपल्या पाहण्यात आहे का?

आपण काय करावे?

त्या मुलाला तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: हा आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, तो बरा करणे हे तुझे काम नाही. त्याच्यासमोर ‘वेडी’, ‘येडा’ हे शब्द उच्चारू नयेत. मदत द्यावी ती त्या मजुरांसारखी, आपल्यातला घास म्हणून; चारचौघांत नव्हे.

आणखी एक चूक आपल्याकडे सर्रास होते. प्रार्थनेला नेले म्हणून गोळ्या बंद केल्या जातात. प्रार्थना आणि औषध यांचे भांडण नाही. आपण प्रार्थना जरूर करावी, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नये. ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. मूल एकटे किंवा उपाशी असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

हॅनाचा आजार पूर्ण गेला नाही. पण १९२१ साली मुलांनी तिला अमेरिकेत आपल्याजवळ नेले. समुद्राजवळच्या घरात, देखभालीला माणसे ठेवून, तिला सुखात ठेवले. १९२८ साली ती वारली. आजार राहिला, तरी माया तुटली नाही.

गेरसेकरांच्या प्रदेशात लोकांनी ज्याला साखळदंडांनी बांधले होते, त्याला प्रभू येशूने आधी नाव विचारले आणि बरे करून त्याच्या घरी, त्याच्या माणसांकडे पाठवले (मार्क ५). आपणही नावाने हाक मारण्यापासून सुरुवात करू.

समूहात चर्चेसाठी

१. आपल्या वाडीत असे बंद दार आहे का? त्या घरातील मुलांची नावे आपल्याला ठाऊक आहेत का?
२. या आठवड्यात, गाजावाजा न करता, त्या घरासाठी आपण कोणती एक गोष्ट करू शकतो?