बेंच करणार आहेस, तर जडच कर

अगं, सुतारकामाचं बेंच स्वतःच्या हातांनी करायचं ठरवलंस आणि पहिलाच प्रश्न काय, तर पटाशा कुठल्या घेऊ! पटाशांचं नंतर बघू. आधी हे पक्कं कर, की तुला बेंच हवंय, टेबल नव्हे. टेबलावर वस्तू नुसती ठेवायची असते. बेंचने ती धरून ठेवायची असते.

आपल्याकडचे जुने सुतार जमिनीवर बसून काम करतात, ते तू पाहिलंयस. फळीचं एक टोक ठोकळ्याला टेकवतात, पायाने ती दाबून धरतात आणि दोन्ही हात रंध्याला मोकळे ठेवतात. त्यांचा तो पाय म्हणजेच त्यांचं बेंच. आपल्याला उभ्याने काम करायचंय, म्हणून त्या पायाचं काम लाकडाकडून करून घ्यायचं, इतकंच. पण मग ते लाकूड तुझ्या रंध्याच्या धक्क्याने एक इंचही हलता कामा नये. म्हणून जड कर म्हणते.

मी ज्याच्या बेंचच्या धर्तीवर माझं बेंच केलं, तो आंद्रे-जाकॉब रुबो हा अठराव्या शतकातला पॅरिसचा सुतार. वडीलही सुतारच. १७६९पासून त्याचा सुतारकामावरचा मोठा ग्रंथ भागाभागाने निघत गेला, तोही तिथल्या विज्ञान अकादमीच्या वतीने. रंधा हातात धरणाऱ्या माणसाने लिहिलेलं आहे, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास. त्याचं बेंच बघ: पाच-सहा इंच जाडीचा अखंड लाकडी फळा, चार भक्कम पाय आणि पायांची कुसवं, म्हणजे भोकात बसायला तासलेली टोकं, थेट फळ्याच्या आरपार. पायांची पुढची बाजू फळ्याच्या काठाशी अगदी एका रेषेत. ही शेवटची गोष्ट दिसायला किरकोळ, पण तीच लाखमोलाची. दाराची चौकट किंवा लांब फळी कडेवर उभी करून रंधायची असते, तेव्हा ती वर काठाला आणि खाली पायाला, दोन्हीकडे टेकते. फळा पायांच्या पुढे आलेला असेल, तर खाली टेकायला काहीच उरत नाही. कुणी कितीही देखणा नमुना दाखवला, तरी पाय आत घेऊ नकोस.

पाच-सहा इंचांचा अखंड फळा आज आपल्याला परवडायचा नाही, आणि मिळाला तरी आतून ओला असेल. त्यापेक्षा जुना वाडा पाडल्यावर निघणारं सागवान शोध. वखारीत तुळया येतात. अनेक वर्षं छपराखाली वाळलेल्या, पीळ-बाक जो काय पडायचा तो पडून गेलेला. चार इंच जाड आणि नऊ इंच रुंद अशा दोन तुळया सहा-सहा फुटांच्या कापून घे आणि मधे दीड इंचाची फट ठेवून शेजारी शेजारी बसव. अखंड फळ्याचा हट्ट नको. एक तुळई साधारण २८ किलोची होते, म्हणजे दोघींना जिन्याने वर नेता येते. पायांसकट सगळं मिळून नव्वद किलोच्या आसपास जाईल. घरचे स्लॅबची काळजी करतील, तर त्यांना सांग, की राहत्या खोल्यांचा स्लॅब दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखतात. तुझं बेंच जवळपास एक चौरस मीटर जागा व्यापतं.

सागाचा भाव ऐकून पोटात गोळा आला, तर आंब्याचं लाकूड घे. वजनाला सागाच्या बरोबरीचं, किमतीला खूप कमी. फक्त त्याला किडा फार लवकर लागतो, तेव्हा नीट वाळवलेलं आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्याची प्रक्रिया झालेलं बघूनच घे. जुन्या तुळईला वेगळी भीती, आत मोडलेल्या खिळ्यांची. लोहचुंबक फिरव, काळा डाग दिसला की थांब, खिळा काढ, मगच रंधा लाव.

मोठी चिराई आरा मिलमध्ये करून घेतलीस, तर त्यात काही कमीपणा नाही. आपले हात सांध्यांसाठी राखून ठेवायचे.

उंचीबद्दल कुणाचंही ऐकू नकोस, माझंसुद्धा. स्वयंपाकाचा ओटा बत्तीस-तेहतीस इंच असतो, म्हणून बेंचही तेवढंच हवं, असं लोक म्हणतील. ओट्यावर आपण कापतो, लाटतो. बेंचवर सगळं शरीर रेटून ढकलायचं असतं. कामाच्या चपला घालून सरळ उभी राहा, हात खाली सोड, करंगळी तळव्याला जिथे मिळते तिथपर्यंत मोज. तुझ्या चणीला ते अठ्ठावीस इंचांच्या जवळपास भरेल. तेवढं बेंच असलं की जोर दंडातून न येता मांड्यांतून येतो आणि संध्याकाळी खांदे दुखत नाहीत. बायकांच्या अंगात रंधा ओढायची ताकद नसते, असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक आपल्या मापाच्या बेंचवर काम करणारी बाई पाहिलेलीच नसते.

आता सांधे. इथे मात्र घाई करशील तर मी रागावेन. आधी तुळईतलं भोक, मग पायाचं कुसू, हा क्रम सोडू नकोस. कुसू तासून कमी करता येतं, पण मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. रेघा दोन्ही बाजूंनी गुण्याने मार, गिरमिटाने वरून अर्धं आणि खालून अर्धं पाड, मग पटाशीने भिंती साफ कर. चार इंच खोल भोक आहे, एका बाजूनेच गेलीस तर गिरमिट नक्की तिरकं जाणार. प्रत्येक पायाला आणि त्याच्या भोकाला एकच आकडा घाल, कारण हाताने केलेले चार पाय कधीच एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांना नुसत्या फेविकॉलवर सोडू नकोस. लाकडी खुंटी घाल, आणि भोकं मुद्दाम थोडी चुकवून. म्हणजे असं: आधी पायाला आरपार भोक पाड, मग कुसू आत बसवून त्याच भोकातून कुसवावर खूण कर. कुसू बाहेर काढ आणि ती खूण कुसवाच्या मुळाशी असलेल्या खांद्याच्या दिशेने दीड मिलिमीटर सरकवून तिथे भोक पाड. खुंटी ठोकली की ती सरळ जाण्यासाठी धडपडते आणि त्या धडपडीत कुसू आत खेचते. सांधा असा घट्ट होतो, की क्लॅम्प लागत नाही. खुंटी बाभळीची कर, पण करवतीने कापून नव्हे, फोडून. फोडलेल्या काडीत रेषा टोकापासून टोकापर्यंत सलग राहतात, म्हणून ती वाकते पण मोडत नाही. टोक जरा निमुळतं कर.

महागडा शिकंजा पहिल्या दिवशी विकत घेऊ नकोस, हे मी अगदी कळकळीने सांगते. त्या पैशात चांगलं लाकूड येतं. सुरुवातीला डाव्या टोकाला वर-खाली सरकणारा एक चौकोनी ठोकळा पुरतो, ज्याला फळीचं टोक टेकतं. आणि लोहाराकडून दोन होल्डफास्ट घडवून घे: पाऊण इंच गजाची सरळ दांडी, वर वाकलेला, चपटं टोक असलेला हात. बेंचला त्याच मापाची, अगदी किंचित सैल भोकं पाड. दांडी भोकात सोड, माथ्यावर मोगरीचा एक ठोका दे. दांडी भोकात तिरकी अडकते आणि खालचं काम आवळून धरते. मागून टोलवलं की लगेच सुटते. रुबोच्याही आधीपासून चालत आलेली ही युक्ती आहे, आणि अजून तिला तोड नाही. फळीच्या मागच्या कोपऱ्याला आधार हवा असेल, तर एका पट्टीच्या टोकाला काटकोनी खाच पाड आणि ती पट्टी होल्डफास्टने आवळ. फळी उजवीकडे घसरायची थांबते. या तिन्हींवर महिना-दोन महिने काम केलंस, की शिकंजा हवा का आणि कुठल्या पायावर हवा, हे तुझं तुला कळेल.

सगळं जुळल्यावरच वरचा पृष्ठभाग सपाट कर, आधी नको. दोन्ही टोकांना एकेक सरळ पट्टी आडवी ठेव आणि डोळा खाली नेऊन एकीवरून दुसरी बघ. कडा समांतर दिसल्या नाहीत, तर पीळ आहे. उंच कोपरे आधी आडव्या रंध्याने उतरव, मग उभा फिरव. काचेसारखा गुळगुळीत करण्यात जीव घालवू नकोस, घसरत्या फळ्यावर काम टिकत नाही. म्हणून पॉलिशही नको. जवसाचं तेल एक-दोन हात चोळलं की झालं. मात्र त्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नकोस. ते वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. अंगणात पसरून वाळव, मगच फेक.

वखारीत जायचा दिवस कळव. मी लोहचुंबक आणि मोजपट्टी घेऊन येते, आणि भावाची घासाघीसही मीच करेन. तू फक्त तुळया नीट बघ.