अंगणातला झेंडू

दसऱ्याच्या दिवशी दाराला तोरण नाही, असे घर महाराष्ट्रात विरळाच. आंब्याच्या पानांत झेंडूची केशरी-पिवळी फुले गुंफली, म्हणजे सणाची शोभा पुरी होते. असा हा झेंडू मूळचा मात्र दूरच्या मेक्सिको देशाचा. सोळाव्या शतकात युरोपीय दर्यावर्दी तेथे पोहोचले. त्यानंतर तो सागर ओलांडून भारतात आला आणि येथलाच होऊन गेला. मेक्सिकोत आजही नोव्हेंबरच्या आरंभी पूर्वजांच्या स्मरणार्थ हीच फुले वाहतात.

झेंडूचे वाळलेले फूल उलगडून पाहावे. ज्यांना लोक पाकळ्या म्हणतात, ती वस्तुतः स्वतंत्र इवली फुले असतात. ती एकाच बैठकीवर दाटीने बसतात, म्हणून एकच मोठे फूल दिसते. त्यांच्या तळाशी सुईसारखे बारीक, काळे, टोकाला फिकट तुरा असलेले बी असते.

पेरल्यापासून फुले येण्यास साधारण दोन ते अडीच महिने लागतात. म्हणून दसऱ्यापूर्वी सुमारे तीन महिने बी पेरावे. तळाला भोक असलेल्या कुंडीत माती, कुजलेले शेणखत व थोडी वाळू मिसळून भरावी. बी पसरून त्यावर अर्धा सेंटिमीटर माती लोटावी आणि झारीने हलकेच पाणी द्यावे. माती ओलसर असावी. तिचा चिखल झाला, तर कोवळी रोपे कुजतात. 4 ते 8 दिवसांत अंकुर दिसू लागतात. तीन-चार आठवड्यांनी रोपांना चार-पाच पाने आली, की संध्याकाळी ती उन्हाच्या जागी हातभर अंतरावर लावावीत.

रोप वीतभर झाले, की त्याचा शेंडा खुडावा. येथे पुष्कळांचा हात अडखळतो. कारण शेंड्याबरोबर पहिली कळीही जाते. परंतु शेंडा असेपर्यंत बाजूचे कोंब जोमाने वाढत नाहीत. तो खुडला, की फांद्या फुटतात. फुले काही दिवस उशिरा येतात, पण एका फुलाच्या जागी अनेक येतात.

झेंडूच्या मुळांतील द्रव्ये जमिनीतील काही उपद्रवी सूत्रकृमींना मारक ठरतात. त्यामुळे टोमॅटो-वांग्यांच्या शेजारीही तो लावतात.

सणासाठी फुले तोडताना सर्वांत निरोगी झाडावरची दोन-चार टपोरी फुले मात्र राखून ठेवावीत. ती झाडावरच वाळू द्यावीत. मग त्यांचे बी सावलीत सुकवून कागदाच्या पुडीत ठेवावे. संकरित जातीच्या बियांपासून येणारी फुले आईसारखीच निघतील असे नाही. गावठी झेंडू बहुधा आपला वाण राखतो. सगळीच फुले तोरणाला लावणाऱ्याला पुढल्या वर्षी बी दुसऱ्याकडे मागावे लागते.

स्वाध्याय
1. झेंडूच्या एका फुलात पुष्कळ बिया का असतात?
2. रोपाचा शेंडा खुडल्याने काय लाभ होतो?
3. एका कुंडीत झेंडू पेरा व रोज दिसणारा बदल वहीत लिहा.