एका कागदावर फैसला नको

मूल होण्यास विलंब लागला की आमच्या समाजात संशयाची पहिली नजर स्त्रीकडे वळते, आणि तिच्या रक्ताच्या, गर्भनलिकांच्या व सोनोग्राफीच्या साऱ्या तपासण्या यथासांग पार पडल्यावरच पुरुषाचा विचार निघतो. आमच्या घरीही हाच क्रम चालला. पत्नीचे अहवाल निर्दोष निघाल्यावर माझी वीर्यतपासणी झाली आणि तिचा कागद हाती येताच त्या वंध्यत्वकेंद्रातील डॉक्टरांनी, शुक्राणूंची संख्या अल्प, गतीही मंद, तेव्हा 'इक्सी'वाचून, म्हणजे प्रयोगशाळेत एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचण्यावाचून, गत्यंतर नाही, असा फैसला देऊन खर्चाचे अंदाजपत्रक पुढे सरकविले. मला कोणी तपासले नाही, की पूर्वीच्या आजाराची चौकशी केली नाही.

पत्नीच्या आग्रहावरून तोच कागद आम्ही सरकारी इस्पितळातील एका वयोवृद्ध मूत्ररोगतज्ज्ञांना दाखविला. त्यांनी आकड्यांकडे वळण्यापूर्वी अहवालाच्या माथ्यावर बोट ठेवले. नमुना किती दिवसांच्या संयमानंतर दिला आणि किती वाजता दिला, हे दोन्ही रकाने कोरे होते. मग त्यांनी विचारले, "मधल्या काळात मोठा ताप येऊन गेला का?" टायफॉइडमधून मी नुकताच उठलो होतो. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडण्यास अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे तापाने केलेली हानी ताप उतरल्यावरही कित्येक आठवडे अहवालात दिसत राहते, हे त्यांनी समजावले व तीन महिन्यांची मुदत घालून दिली. फेरतपासणीत संख्या व गती दोन्ही पुष्कळ सुधारलेली आढळली, आणि पुढे 'आययूआय'वरच, म्हणजे वीर्य नळीने गर्भाशयात सोडण्याच्या साध्या उपायावरच, आमचे काम भागले.

प्रत्येकाच्या बाबतीत असेच घडेल असे नव्हे. तथापि ज्यांना हा मार्ग चालावयाचा आहे त्यांनी काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. नमुना दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर द्यावा, घरून नेल्यास शरीराच्या उबेत ठेवून तासाभराच्या आत प्रयोगशाळेत पोचवावा आणि त्यातील काही भाग सांडला असल्यास तसे स्पष्ट सांगावे. अहवाल सदोष आला तर काही आठवड्यांच्या अंतराने दुसरी तपासणी मागावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या मर्यादांत प्रति मिलिलिटर १ कोटी ६० लक्ष शुक्राणू, पुढे सरकणारे ३० टक्के आणि निर्दोष आकृतीचे ४ टक्के असे आकडे आहेत. परंतु ज्यांच्या पत्नींना वर्षाच्या आत गर्भ राहिला अशा पुरुषांपैकी तळाच्या पाच टक्क्यांची ती सीमारेषा आहे, म्हणून तिच्याखाली असणारा पुरुष निःसंशय वंध्य ठरत नाही. केवळ आकृतीच्या आकड्याने तर मुळीच घाबरू नये.

डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शारीरिक तपासणी अवश्य करून घ्यावी, कारण अंडकोषाभोवतीच्या फुगलेल्या शिरांवर उपाय आहे. तसेच व्यायामशाळेत पीळदार शरीरासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शुक्राणूंची निर्मितीच थांबवू शकतात, ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. नमुन्यात शुक्राणू मुळीच नसल्यास किंवा फारच थोडे असल्यास संप्रेरकांच्या व गुणसूत्रांच्या तपासण्या आवश्यक ठरतात, आणि अशा ठिकाणी इक्सी हे खरोखरच वरदान आहे. उलट, वीर्य निर्दोष असताना साध्या आयव्हीएफऐवजी (ज्यात बीज व शुक्राणू शरीराबाहेर एकत्र ठेवून फलन आपोआप होऊ देतात) इक्सी केल्याने यशाची शक्यता वाढते असे दिसून आलेले नाही. पत्नीचे वय पस्तिशीपलीकडे असेल तर मात्र फेरतपासणीच्या नावाखाली महिने घालवू नयेत. तिच्यासाठी काळाचे मोल अधिक आहे.

उपचाराचा हुकूम पुरुषाच्या अहवालावरून सुटला, तरी दररोजची इंजेक्शने, बीजे काढताना घ्यावी लागणारी भूल आणि त्यातील धोके हे सारे स्त्रीच्याच शरीराला सोसावे लागते. म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी पुरुषाने स्वतःची तपासणी पुन्हा, पूर्ण आणि प्रामाणिकपणे करून घेणे, हे त्याचे पत्नीप्रति पहिले कर्तव्य आहे.