गर्भातील रुग्ण आणि मातेची संमती

बाळ व्यंगासह जन्मले की आपल्याकडे कोणी ना कोणी विचारतेच, 'ग्रहणात सुनेने विळी हाती घेतली होती काय?' प्रेषित (स.) यांचे पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोकांनी दोहोंचा संबंध जोडला, तेव्हा प्रेषितांनी (स.) तो तत्काळ नाकारला. तरी पेण-रोह्याच्या घरांत मातेवरचा हा ठपका अजून पुसलेला नाही.

काही व्यंगांवर आता जन्मापूर्वीच उपचार होतात. २०२३ साली दिल्लीच्या एम्समध्ये गर्भस्थ बाळाच्या द्राक्षाएवढ्या हृदयाची अरुंद झडप मातेच्या पोटातून सुई नेऊन फुग्याने रुंद केली गेली. पाठीचा मणका न मिटता मज्जारज्जू उघडा राहिला, तर मात्र सहसा गर्भाशय उघडावे लागते. अमेरिकेतील अशा शस्त्रक्रियांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भात उपचार झालेल्या ४० टक्के बालकांना वर्षभरात मेंदूतील पाणी वाहून नेणारी नळी लागली. जन्मानंतर उपचार झालेल्यांत ८२ टक्क्यांना. उलट बाजूही आहे : बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली, सुमारे तृतीयांश मातांच्या गर्भाशयाचा व्रण विरळ झाला किंवा उसवला, आणि पुढच्या प्रत्येक बाळंतपणाला सिझेरियन अटळ ठरले.

ही शस्त्रक्रिया १९ ते २६ आठवड्यांत होते. हदीसनुसार १२० दिवसांनी गर्भात रूह फुंकली जाते. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात. त्या हिशेबाने हाच एकोणिसावा आठवडा. म्हणजे चाकूखाली येतो तो जीव आहे. त्याच्यासाठी वारशाचा हिस्सा राखून ठेवणारी शरीअत त्याच्या उपचाराला परके कसे मानील?

आपण कोकणी बहुतांशी शाफई. इमाम नववी यांच्या मते उपचार घेणे मुस्तहब आहे, वाजिब नव्हे. मृत गर्भवतीच्या पोटात बाळ जगण्याची आशा असेल, तर पोट चिरून ते काढावे, असेही शाफई फुकहा सांगतात. पण ती मृत माता. जिवंत मातेचा देह चिरायचा तर 'हो' तिनेच म्हटले पाहिजे. सासू, दीर, जमात यांचा तो अधिकार नाही. तिने नकार दिला तर ती गुन्हेगार ठरत नाही.

अठरा ते वीस आठवड्यांतील सोनोग्राफी टाळू नका. कायद्याने बंदी आहे ती लिंग सांगण्याला, व्यंग शोधण्याला नव्हे. काही आढळल्यास त्याच आठवड्यात मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाची गाडी धरा. कुटुंब गरजू असेल तर या खर्चासाठी त्याला जकात देता येते. आणि ज्यांच्या घरी निकाह ठरला आहे, त्यांनी मुलीला गर्भधारणेपूर्वीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी घेण्याविषयी डॉक्टरांना विचारायला सांगावे. मज्जारज्जूचे हे व्यंग त्यामुळे पुष्कळ अंशी टळते.