अंथरुणातली जागा

जामखेड

चि. सौ. छकुलीस,


परवा फोनवर तू हसत हसत सांगितलंस, की रात्री थोरल्यानं गादी ओली केली, त्याच जागी कुत्र्याच्या पिल्लानंही शू केली, जावई चिडले आणि सकाळी गादी गच्चीवर वाळत पडली. मीही हसले. पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, “पिल्लू आता बाळाच्या दुपट्यातच झोपतं गं.” तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

ओल्या गादीचं आधी सांगते, ते लवकर आटपतं. चार वर्षांचं पोर झोपेत शू करतं हा आजार नाही आणि खोडी तर नाहीच. घरात धाकटं भावंड आलं, की कोरडा राहणारा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करू लागतो, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. त्याला रागावू नका, जावयांनाही सांग. मेणकापड घाल, झोपण्याआधी त्याला मोरीत ने. पिल्लाला जुना वास आला की ते तिथंच पुन्हा करतं, म्हणून नुसतं पुसून भागत नाही. चादरी धू, गादीला कडक ऊन दे.

धाकटीचं मात्र वेगळं आहे. तीन महिन्यांच्या लेकराला तोंडावर आलेली गोधडी बाजूला सारता येत नाही. नाक दबलं तर अंग वळवून सुटका करून घेता येत नाही. पिल्लू ऊब शोधत तिच्या गळ्याशी जाऊन मुटकुळं करतं, थोरला झोपेत लोळतो, आणि तू रात्रीतून तीनदा पाजायला उठून इतकी दमलेली असतेस, की तुला कळायचंही नाही.

मी नर्स म्हणून फिरत होते, तेव्हाची गोष्ट. ऊसतोडीच्या फडावर थंडीत एका कोपीत आई, तीन मुलं आणि तान्हं एकाच वाकळेखाली झोपले होते. पहाटे चारला आई कोयता घेऊन निघायला उठली, तेव्हा तान्हं गार पडलं होतं. कशानं गेलं, ते कुणालाच नक्की सांगता आलं नाही. पण फडावर बायका बोलल्या, की आईच्याच अंगाखाली सापडलं. पुढं कित्येक वर्षं ती मला दिसली की मान खाली घालायची. दोष तिचा नव्हता. दिवसभर मोळ्या वाहिलेल्या बाईला त्या कोपीत दुसरी जागा नव्हती, आणि आम्ही कुणी तिला वेळेत काही सांगितलंही नव्हतं. म्हणून तुला सांगते.

इथं जामखेडला 1970 साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दाम्पत्यानं काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या कितीतरी जणींना अक्षरओळखही नव्हती. पण त्यांचं बोलणं आयांना पटायचं, कारण त्या त्याच गल्लीतल्या होत्या. मीही तुझ्याशी घरचीच म्हणून बोलते आहे.

बाळाला दुसऱ्या खोलीत टाक, असं मी म्हणत नाही. आपल्याकडं लेकरू आईजवळच निजतं, आणि जवळ असलेलं बरंच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही 2022 मध्ये हेच म्हणाली, की निदान सहा महिने बाळ आईच्याच खोलीत असावं, पण त्याची गादी वेगळी, सपाट आणि घट्ट असावी. तुझ्या पलंगाला लागून हात पोचेल असा छोटा पाळणा ठेव. त्यात उशी नको, गोधडी नको, खेळणी नकोत. बाळाला उताणं निजव. नगरची थंडी बोचते, मला ठाऊक आहे. अंगात एक कपडा जास्त घाल, पण तोंडावर काही येऊ देऊ नकोस. झोळी दिवसा डोळ्यांसमोर असेल तेवढीच. सर्दीची गोळी घेऊन गुंगी आली असेल, तर पाजून झाल्यावर बाळाला लगेच पाळण्यात ठेव. सोफ्यावर पाजताना डोळा लागणं तर पलंगापेक्षाही वाईट.

आता पिल्लू. त्याच्यावर माझा राग नाही. थोरल्याला त्याचा लळा लागलाय, तो राहू दे. पण ते दोन महिन्यांचं आहे. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, म्हणजे तुमच्या पिल्लाला अजून ती मिळालेली नाही. अंधारात बाळाला नख किंवा दात लागला तर सकाळपर्यंत कुणाला दिसणारही नाही. ओरखडा दिसलाच, तर हळद, चुना काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीज एकदा उमटला की माणूस हाती लागत नाही. पिल्लाला पोत्याचं अंथरूण दाराबाहेर घाल आणि दार लावून घे. चार रात्री कुंईकुंई करेल, मग शिकेल.

जुना पाळणा माझ्याकडं माळ्यावर आहे. जावयांना रविवारी पाठव. तोवर पिल्लाला आज रात्रीपासूनच बाहेर झोपव, आणि झोपवलंस की मला फोन कर.

तुझी,
आत्या